एसी लावताच कशाला?

एसी लावला की थंडी केबिनमध्ये बसलेल्या माणसाला वाजावी, अशी साधारण अपेक्षा असते. माझ्या मेव्हण्याच्या ट्रकमध्ये ती इंजिनाला वाजायची. उभ्या गाडीत एसीचं बटण दाबलं, की पुढून कुठून तरी ‘टक्’ असा आवाज यायचा आणि तो सहाचाकी देह शहारून उठायचा. टॅकोमीटरचा काटा सातशेवरून पाचशेवर घसरायचा, तिथे घाबरून नऊशेवर उडी मारायचा, नऊशेवर करमेना म्हणून पुन्हा खाली यायचा. डॅशबोर्डवर शेजारीशेजारी बसवलेले सिद्धेश्वर आणि विठोबा एकमेकांना धक्के द्यायला लागायचे. सीटखालचा जॅक पान्यांशी भांडण काढायचा. ड्रायव्हरच्या हातातला चहा आधी शर्टावर, मग शर्टावरून पँटवर असा टप्प्याटप्प्याने खाली उतरायचा. मिनिटभर हा सोहळा चालला की एक तर इंजिन सावरायचं, नाहीतर मोठा उसासा टाकून बंद पडायचं.

गाडी पळत असली की यातलं काहीही नाही. हैदराबाद रोडला लागल्यावर एसी चालू आहे हे इंजिनाच्या गावीही नसायचं. पण पळत्या ट्रकला एसीचं एवढं अडत नाही. काच खाली केली की वारा येतो. सोलापूरच्या मे महिन्यात तो तोंड भाजून काढतो, पण येतो. खरी गरज उभ्या गाडीत. आणि मेव्हण्याची गाडी उभीच जास्त असायची, कारण ती सिमेंट वाहते. कारखान्याबाहेर नंबर येईपर्यंत ट्रकांची लांबच लांब रांग, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, केबिनचा पत्रा तापलेला आणि बुडाशी इंजिन. म्हणजे जिथे एसी लागतो तिथे इंजिन चालत नाही आणि जिथे इंजिन चालतं तिथे एसी लागत नाही, अशी एकूण व्यवस्था होती.

या प्रकरणात माझा संबंध आला तो पदवीमुळे. मी इंजिनिअर आहे. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, कालवे खोदले, खोदलेल्या कालव्यांतून गळणारं पाणी मोजलं आणि मोजता मोजता निवृत्त झालो. पण सासरवाडीच्या लेखी इंजिनिअर हा एकच प्रकार असतो आणि त्याला मिक्सरपासून मान्सूनपर्यंत सगळं कळतं. “दाजी, यंदा आंबे खायला याच,” असा मेव्हण्याचा फोन आला, तेव्हा आवाजात जरा जास्तच माया होती. दुसऱ्या दिवशी आमरसाची दुसरी वाटी माझ्या घशाखाली उतरल्याची खात्री करून त्याने विचारलं, “दाजी, जरा गाडीखाली बघता का?”

मी म्हटलं, “अरे, मी सिव्हिलचा.”

“असू द्या की. इंजिनिअर तो इंजिनिअर.”

बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माहेरच्या माणसांसमोर तिची अब्रू त्या ट्रकखाली अडकलेली आहे. मी गेलो. खाली निजलो. वर पाहिलं. वर इंजिन होतं. एवढं निदान करून मी बाहेर आलो आणि “हं” म्हणालो. त्या ‘हं’मुळे मी या प्रकरणाचा प्रमुख झालो.

प्रमुख झाल्यावर थोडा अभ्यास करणं आलं. घरातला एसी विजेवर चालतो. गाडीतला इंजिनाच्या जिवावर. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून पट्टा कॉम्प्रेसरला जातो. बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा मॅग्नेट क्लच चिकटतो, ती ‘टक्’, आणि इंजिनाच्या गळ्यात काही अश्वशक्तींचं काम येऊन पडतं. रस्त्यावर शे-सव्वाशे अश्वशक्ती उधळणाऱ्या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. पण उभ्या गाडीत, मिस्त्री ज्याला ‘स्लो’ म्हणतात त्या चालीवर, इंजिन जेमतेम स्वतःला जिवंत ठेवण्यापुरतं कमावत असतं. त्यात हा खर्च. काटा पडला की इंजिनाचा कॉम्प्युटर घाईघाईने जास्त डिझेल सोडतो, मग ते जास्त होतं म्हणून आवरतो, मग कमी पडतं म्हणून पुन्हा सोडतो.

तरी आपण सुखी आहोत. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलच्या मोटारींना कारखान्यातूनच एसी द्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा हाताने काढून ठेवायचा. पुन्हा उकडलं की पुन्हा खाली उतरून पट्टा चढवायचा. तेवढ्यात आणखी उकडत असणार. हे मी मेव्हण्याला सांगितलं. त्याने त्यातून नेमका नको तो बोध घेतला. “म्हणजे पट्टा काढून टाकला तर गाडी हलणार नाही?”

पट्टा न काढता इलाज करायचा म्हणून आम्ही मिस्त्र्यांकडे निघालो. पहिले इंजिनचे वस्ताद. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, स्कॅनर लावला नाही. नुसता फेंडरवर हात ठेवला आणि डोळे मिटले. “फाउंडेशन गेलंय,” ते म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्या खात्यात फाउंडेशन गेलं की विधानसभेत प्रश्न येतो. इथे ते इंजिनाखालचं रबर निघालं. रबर बदललं. सिद्धेश्वर आणि विठोबा यांच्यात जरा अंतर पडलं, पण काटा नाचायचा तसाच नाचत होता.

“आता इंजिन माझ्याकडून ओके,” वस्ताद म्हणाले. “एसीवाल्याला दाखवा. कॉम्प्रेसर जड आहे.”

एसीवाला तरुण होता आणि बोटाने निदान करायचा. कॉम्प्रेसरला जाणाऱ्या पाइपाला त्याने बोट लावलं आणि म्हणाला, “गॅस कमी.” खरं तर हा गॅस ग्रॅमवर तोलून भरायचा असतो, किती भरायचा हे एसीच्या पट्टीवर छापलेलं असतं. मी तसं सुचवलं.

“तोलून काय भरायचाय, दाजी? पाइप गार लागला की झालं.” मेव्हणा दाजी म्हणतो म्हणून एव्हाना सोलापुरातली सगळी गॅरेजं मला दाजी म्हणू लागली होती. पाइप गार लागेपर्यंत त्याने गॅस भरला. मग एसी लावून पाहिला. इंजिन पूर्वी अडखळत होतं, ते आता गुडघे टेकून खाली बसलं.

“बघा,” तो समाधानाने म्हणाला, “एसी एक नंबर झालाय. इंजिनात दम नाही. नोझल दाखवा.”

पंप-नोझलवाले मामा हा या क्षेत्रातला सर्वांत आदरणीय माणूस. त्यांच्याकडे काचेच्या केबिनमध्ये यंत्र होतं, आत चप्पल घालून जायला बंदी होती आणि ते हळू बोलत. त्यांनी नोझल काढली, फवारा पाहिला, कॅलिब्रेशन केलं आणि बिल दिलं. बिल पाहून मेव्हणाही हळू बोलू लागला. डिझेलचं अ‍ॅव्हरेज सुधारलं, धूर गेला, पिकअप वाढला. म्हणजे जे आजार आम्हाला माहीतही नव्हते ते सगळे बरे झाले. एसी लावला की गाडी थरथरायची ती थरथरतच होती. मामांनी मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, “ही वायरिंगची भानगड आहे.”

वायरमनने लॅपटॉप जोडला. पडद्यावर आकडे धावले. पोरगा बराच वेळ बघत राहिला आणि मग डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात त्या गंभीरपणे म्हणाला, “एकपण कोड नाही. गाडी निरोगी आहे.” त्याने एक गोष्ट मात्र खरी सांगितली. कंपनीतून एसी बसून आला असेल तर बटण दाबल्याबरोबर इंजिनाच्या कॉम्प्युटरला निरोप जातो आणि क्लच चिकटायच्या आधीच तो स्लो थोडा वाढवून ठेवतो. आमचा एसी मागाहून बाहेरून बसवलेला. त्या कॉम्प्युटरला अजून गाडीत एसी आहे हेच कुणी कळवलेलं नाही. नोकरीत असताना एका कार्यालयाने कालवा खोदायचा आणि दुसऱ्याने त्यावर रस्ता बांधायचा, असं मी पाहिलेलं असल्यामुळे मला हे लगेच पटलं.

“मग कळवू या की,” मेव्हणा म्हणाला.

“कळवता येईल. पण आधी मेकॅनिकल फॉल्ट नाही ना, ते बघा. इंजिनच्या वस्तादांना दाखवा.”

अशा रीतीने आम्ही निघालो तिथे येऊन पोहोचलो.

या वर्तुळात आणखी एक अडचण होती. बहुतेक वेळा मिस्त्र्यासमोर गाडी शहाण्यासारखी वागायची. आम्ही सकाळी नऊला जायचो, एसी लावायचो, काटा किंचित हलायचा आणि स्थिर व्हायचा. “कुठं हलतेय?” मिस्त्री विचारायचे. मेव्हणा शपथा घ्यायचा. ड्रायव्हर शर्टावरचे चहाचे डाग पुरावा म्हणून दाखवायचा. ते मान हलवायचे, पण ती लहान मुलाच्या पोटदुखीला हलवतात तशी. गाडी हलायची ती बारा ते चारच्या दरम्यान, ऊन डोक्यावर असताना. आणि बारा ते चार सोलापुरातलं एकही गॅरेज जागं नसतं. शटर अर्धं खाली, आत गोणपाटावर वस्ताद, शेजारी टेबलफॅन. रोग आणि वैद्य यांची गाठच पडत नव्हती.

शेवटी प्रमुख या नात्याने मी ठरवलं, की आता थेट घटनास्थळी जायचं. दुपारी दोनला, सिमेंटच्या रांगेत. डोक्याला टॉवेल बांधून मी, मेव्हणा, ड्रायव्हर आणि किन्नर असे केबिनमध्ये बसलो. बटण दाबलं. टक्. सोहळा सुरू झाला. आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीभोवती जेवढी माणसं जमतात, त्याच्या दुप्पट थरथरणाऱ्या गाडीभोवती जमतात, कारण बंद गाडीला धक्का मारावा लागण्याची भीती असते. पुढचा ड्रायव्हर आला, मागचा आला, चहावाला आला, टायरवाला आला, रांगेशी काही संबंध नसलेले एक धोतरवाले आजोबा आले. सगळ्यांनी मन लावून पाहिलं आणि प्रत्येकाने विचारलं,

“कवापासून होतंय?”

“एसी लावल्यावर.”

“मग एसी लावताच कशाला?”

पाच वेगवेगळ्या तोंडांनी, पाच वेगवेगळ्या सुरांत, पण उपाय एकच. आजोबांनी तर हा विचार यांना आधी कसा सुचला नाही, अशा करुणेने माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे बिघडलेल्या वस्तूवर ही शेवटची आणि रामबाण मात्रा आहे. नळ गळतो? वरचा कॉक बंद ठेवा. दार घासतं? मागच्या दाराने ये-जा करा. गिझर झटका देतो? उन्हाळ्यात कुणाला गरम पाणी लागतं? एखादी गोष्ट वापरली नाही की ती बिघडत नाही, या तत्त्वावर अर्ध्या महाराष्ट्राच्या माळ्यावर उत्तम स्थितीतल्या वस्तू पडून आहेत.

मेव्हण्याला हा उपाय मनातून पटलेलाच होता. “आमच्या दादांनी जन्मभर ट्रक चालवला. कुठं होता एसी?”

ड्रायव्हरने खिशातून मोबाइल काढला. “मालक, आता सरकारनंच सांगितलंय. १ ऑक्टोबर २०२५पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची. डिसेंबर २०२३लाच जाहीर झालंय.”

“नवीन गाडीला बे. आपली जुनी आहे.”

“गाडी जुनी आहे मालक, ऊन तर नवीन आहे ना?”

“एसीत झोप लागते ड्रायव्हरला,” मेव्हण्याने ठेवणीतला मुद्दा काढला.

“झोप एसीनं नाही लागत. झोप मिळाली नाही की लागते.”

रांगेतल्या पुढच्या आणि मागच्या ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. मेव्हणा गप्प झाला. या संधीचा फायदा घेऊन ड्रायव्हरने आपला खासगी इलाज दाखवला. पाण्याची रिकामी बाटली चेपून त्याने अ‍ॅक्सिलरेटरखालच्या फटीत अशी काही बसवली, की काटा हजाराच्या जवळ जाऊन निमूट उभा राहिला. थरथर बंद. गार वारा सुरू. देव आपापल्या जागी. सगळी गॅरेजं पालथी घालून जे जमलं नाही ते एका बाटलीने केलं होतं. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद उमटला आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की या बाटलीतून डिझेल चाललंय. “काढ ती,” तो म्हणाला. बाटली निघाली, देव पुन्हा भांडायला लागले.

मी खाली उतरलो. विचार करायला नव्हे, सावली शोधायला. सावली ट्रकच्या तोंडाशी हातभर होती, म्हणून तिथे टेकलो आणि सहज पुढच्या जाळीतून आत पाहिलं. जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे, एसीचा कंडेन्सर असतो: बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदाइतक्या पातळ पत्र्यांची दाट झालर. तिच्यातून वारा जायचा असतो. मला झालर दिसली नाही. करडी, सपाट, एकसारखी भिंत दिसली. किल्लीने टोकरून पाहिलं. टणक आवाज आला.

इंजिनातलं मला काही कळत नाही. पण प्लास्टर कळतं.

“ही गाडी धुतं कोण?” मी विचारलं.

“मी,” किन्नर छाती फुगवून म्हणाला. “रोज सकाळी. तोंडावर दोन बादल्या पाणी मारल्याबिगर उदबत्ती लावत नाही.”

सगळा उलगडा झाला. दिवसभर रांगेत पंखा सिमेंटची धूळ आत ओढणार, सकाळी भाविकपणे पाणी पडणार. सिमेंटला पाणी मिळालं की ते धरतं, आणि नेमाने पाणी मारत राहिलं तर २८ दिवसांत त्याची ताकद ठरलेल्या मापाला येते. त्याला क्युरिंग म्हणतात. ठेकेदारांनी ते करावं म्हणून मी उभी हयात पत्रं लिहिली. कालव्याच्या अस्तरावर एकाही ठेकेदाराने जे पाणी मारलं नाही, ते या पोराने बिनपगारी, उदबत्तीसकट मारलं होतं. इतकं निर्दोष अस्तरीकरण माझ्या संपूर्ण कारकिर्दीत मी पाहिलेलं नाही. थेंब गळाला नसता.

आता कुणालाही समजावून सांगता येत होतं. कंडेन्सरने गॅसची उष्णता बाहेर टाकायची असते. वारा जाईना, उष्णता निघेना, म्हणून गॅसचा दाब वाढत होता. त्यात एसीवाल्याने पाइप गार लागेपर्यंत आणखी भरला होता. वाढलेल्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर रेटताना इंजिनाचा जीव जात होता. सकाळी हवा थंड, दाब कमी, म्हणून मिस्त्र्यांसमोर गाडी शहाणी. गाडी पळू लागली की समोरून थोडाफार वारा घुसायचा आणि इंजिनालाही ताकद असायची, म्हणून हायवेवर सुखी. सगळ्यांचं म्हणणं थोडं थोडं खरं होतं आणि कुणीही गाडीच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

कंडेन्सर नवा टाकला. गॅस या वेळी काट्यावर तोलून भरला. मी शेजारी उभा होतो. दुपारी दोनला, चव्वेचाळीस अंशात, बटण दाबलं. टक्. काटा एकदा खाली वाकला आणि सरळ झाला. बस्स.

बातमी पसरली, तसं श्रेयाचं वाटप सुरू झालं. एसीवाला म्हणाला, “मी म्हटलंच होतं, एसी एक नंबर आहे.” वस्ताद म्हणाले, “फाउंडेशन पक्कं होतं म्हणून टिकलं.” वायरमन म्हणाला, “कोड नव्हता, बघा.” पंपवाले मामा काही बोलले नाहीत, नुसतं समाधानाने हसले, ते फार मोठे कलावंत आहेत. आता कंडेन्सरवर पाणी मारायचं नाही असं किन्नराला बजावलं, तर तो दुखावून म्हणाला, “मग देवाला काय सांगू?”

सासरवाडीत माझा भाव मात्र वाढला. संध्याकाळी सासूबाई स्वतः चहा घेऊन आल्या. “ह्यांचा गुडघा,” त्या म्हणाल्या, “जिना चढताना ‘टक्’ असा वाजतो. तुम्ही एकदा ऐकता का?”

सासरे जिन्याशी तयारच उभे होते. मी कान लावला. ते चार पायऱ्या चढले. टक्. मेव्हणा माझ्याकडे आशेने बघत होता. मी मान तिरकी केली, पंपवाल्या मामांसारखी, आणि म्हणालो, “इंजिन उत्तम आहे. फाउंडेशनचं रबर डॉक्टरांना दाखवून घ्या.”

“कशाला डॉक्टर?” सासूबाई सासऱ्यांकडे वळल्या. “जिना चढताच कशाला?”